प्रथिनांचा पाठलाग

हल्लीं शहरांतील कोणत्याहि वाण्याच्या दुकानांत पाऊल टाकलें तर 'प्रथिनयुक्त' हा शब्द नजरेस पडल्यावांचून राहत नाहीं. बिस्किटांच्या पुड्यावर तो आहे, दह्याच्या डब्यावर आहे, आणि लहान मुलांना दुधांतून द्यावयाच्या भुकटीच्या डब्यावर तर तो मुलाच्या चित्राहूनहि ठळक आहे. इकडे वर्तमानपत्रांतून प्राणी न मारतां वाढविलेलें मांस, अळ्यांची भुकटी, टाकींत पिकविलेलें बुरशीचें पीठ अशा नवनव्या खाद्यांच्या वार्ता येत असतात, आणि त्यांच्या अखेरीस बहुधा एक वाक्य ठरलेलें असतें : जगाची लोकसंख्या वाढत चालली आहे, आणि एवढ्या माणसांना पुरेल इतकें प्रथिन जुन्या शेतींतून निघणार नाहीं. जुने अहवाल आणि जुने अंक चाळण्याची ज्यांना खोड आहे अशा आमच्यासारख्यांस हें वाक्य वाचून जुना परिचित भेटल्यासारखें वाटतें. सन १९६८ मध्यें संयुक्त राष्ट्रसंघानें जगापुढें हीच भीति मांडली होती आणि तिच्यावर हेच उपाय सुचविले होते. त्या भीतीचें आणि त्या उपायांचें पुढें काय झालें, हा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाहीं. सातारा जिल्ह्यांतील एका गृहस्थाचा त्यांत मोठा वांटा असल्यामुळें तर तो मराठी वाचकांस ठाऊक असावयास पाहिजे.

प्रथिनाचा मोठेपणा त्याच्या नांवापासूनच सुरू होतो. १८३८ सालीं स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यानें मुल्डर नांवाच्या डच शास्त्रज्ञास पत्र लिहून 'प्रोटीन' हें नांव सुचविलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'पहिल्या स्थानाचें' असा होतो. मराठी 'प्रथिन' शब्दांतहि 'प्रथम' ची छाया आहेच. नांव पडलें आणि पहिला मानहि मिळाला. जर्मनींतील लीबिख यानें असें प्रतिपादन केलें कीं, स्नायूंनीं काम केलें म्हणजे स्नायूंतील प्रथिनच खर्ची पडतें; अर्थात् जो जास्त राबेल त्यानें जास्त मांस खाल्लें पाहिजे. हें मत इतकें सोयीचें होतें कीं तें खोटें ठरल्यावरहि मेलें नाहीं. १८६५ सालीं फिक आणि विस्लीत्सेनुस हे दोघे प्राध्यापक स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न नांवाचा डोंगर चढून गेले. चढण्यापूर्वीं सतरा तास त्यांनीं प्रथिनयुक्त असें कांहींच खाल्लें नव्हतें. पिठूळ आणि तुपकट पदार्थांवर ते राहिले होते. डोंगर चढतांना व नंतर त्यांनीं आपलें मूत्र सांठवून त्यांतील नत्राचें माप घेतलें, आणि शरीरांत जळालेल्या प्रथिनापासून एवढी चढण चढण्याइतकी शक्ति निघूंच शकत नाहीं, असें हिशेबानें दाखवून दिलें. शक्ति दुसऱ्या अन्नांतून आली होती. इतक्या थोड्या साधनांनीं इतका मोठा सिद्धान्त उलथून टाकणारे प्रयोग शास्त्राच्या इतिहासांत विरळा. परंतु त्याच साली लीबिखच्या नांवानें मांसाचा अर्क विकणारी कंपनी निघाली आणि तिच्या बाटल्या रोग्यांच्या उशाशी जाऊन बसल्या. गंमत अशी कीं, त्या अर्कांतून खरें प्रथिन जवळजवळ सगळें गाळून गेलेलें असे!

पुढें म्यूनिकच्या फॉइट यानें काम करणाऱ्या माणसास रोज ११८ ग्रॅम प्रथिन लागतें असें ठरविलें. हा आकडा त्यानें काढला तो तेथील चांगले मिळवते कामगार काय खातात हें पाहून. माणूस जें खातो तेंच त्याला लागतें, असें धरून चालणें हें शास्त्र नव्हे. परंतु आंकडा एकदां छापला गेला म्हणजे त्याला वेदवाक्याची प्रतिष्ठा येते. अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या चिटेंडन यानें १९०४ सालीं स्वतःवर, सैनिकांवर आणि व्यायामपटूंवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले व त्याच्या निम्म्याहूनहि कमी प्रथिनावर माणूस धडधाकट राहतो असें दाखविलें, तरी फॉइटचा दरारा बराच काळ टिकून होता.

आपल्या देशांत या आंकड्याला निराळाच रंग चढला. कलकत्त्याच्या वैद्यकीय विद्यालयांतील प्राध्यापक मॅके यांनीं १९१२ सालीं प्रथिनावर एक ग्रंथ लिहिला आणि भात खाणाऱ्या बंगाली माणसाच्या दुबळ्या देहयष्टीचें, इतकेंच नव्हे तर त्याच्या वृत्तीचें, कारण त्याच्या जेवणांतील प्रथिनाच्या तुटवड्यांत शोधलें. गहूं आणि दूध खाणारे ते शूर, भात खाणारे ते भित्रे, अशी ती विभागणी होती. ज्यांनीं राज्य करावयाचें त्यांच्या ताटांतच त्यांचा अधिकार वाढलेला आहे, असा त्याचा इत्यर्थ निघत असे. मलेरिया, जंत, दारिद्र्य आणि सावकारी यांचा विचार त्यांत कितपत झाला होता हें वाचकांनींच ताडावें. आम्हांस येथें एवढेंच नमूद करावयाचें आहे कीं, प्रथिन हा शब्द आपल्याकडे आला तो कमीपणाचा दाखला म्हणून आला, आणि तो डाग आमच्या सुशिक्षित मनावरून अजून पुरता गेलेला नाहीं.

त्या डागावर उतारा शोधण्याचे प्रयत्न आपल्याकडेहि झाले. सयाजीराव महाराजांच्या बडोदें संस्थानांत अन्नविषयक पाहणीसाठीं स्वतंत्र अधिकारी होता, एफ्. एस्. काळे हे त्या जागेवर असतांना त्यांनीं सोयाबीनवर लिहिलेलें इंग्रजी पुस्तक १९३६ सालीं संस्थानच्या छापखान्यांतून निघालें. लागवडीपासून स्वयंपाकापर्यंत सर्व कांहीं त्यांत होतें, पाककृतीच तीनशें! त्याच्या आदल्या वर्षीं वर्ध्याच्या मगनवाडींत गांधीजींनीं आश्रमवासीयांच्या जेवणांत सोयाबीन घालून पाहिलें होतें आणि त्याची हकीकत 'हरिजन' मध्यें दिली होती. गरिबाला परवडेल असें दुधामांसाच्या तोडीचें अन्न शोधणें, हा दोन्हींचा हेतु एकच. सोयाबीन त्या वेळीं कांहीं रुजलें नाहीं. पुढें तें रुजलें तें निराळ्या वाटेनें, त्याची गोष्ट शेवटीं येईल.

आतां या कथेंतील करुण भागाकडे वळूं. सिसिली विल्यम्स नांवाची एक तरुण डॉक्टरीण १९३० च्या सुमारास पश्चिम आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट वसाहतींत, म्हणजे आजच्या घाना देशांत, मुलांवर उपचार करीत होती. दीड-दोन वर्षांचीं मुलें तिच्याकडे येत, त्यांचे पाय सुजलेले, केस तांबूस झालेले, कातडी सोललेली. आणि तीं मुलें झपाट्यानें दगावत. तेथील बायांनीं या दुखण्यास आपल्या गा भाषेंत एक नांव दिलें होतें : क्वाशिओरकॉर. धाकटें भावंड पोटांत आलें म्हणजे अंगावरून तुटलेल्या थोरल्या मुलाला होणारें दुखणें, असा त्याचा अर्थ. आईचें दूध सुटलें आणि त्या जागीं मक्याची पेज आली; दूध नाहीं, डाळ नाहीं. विल्यम्स बाईंनीं १९३३ मध्यें या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि १९३५ मध्यें तें स्थानिक नांवहि शास्त्राच्या दप्तरांत नोंदविलें. ज्या शहाणपणानें त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या बायांनीं रोगाच्या नांवांतच रोगाचें कारण गोंवलें होतें, तें शहाणपण डॉक्टरांस कळावयास बराच काळ लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना या दोन्ही संस्था नव्यानेंच उभ्या राहिल्या होत्या. त्यांनीं ब्रॉक व ओत्रे या दोघां तज्ज्ञांस आफ्रिकेंत पाठविलें. त्यांचा अहवाल १९५२ मध्यें निघाला. क्वाशिओरकॉर हा प्रथिनाच्या अभावाचा रोग असून तो आफ्रिकेंत सर्वदूर पसरलेला आहे, असें त्यांनीं सांगितलें. कसावाचे कंद आणि केळीं हेंच जेथें मुख्य अन्न आहे तेथें त्यांचें म्हणणें बरेंचसें खरें होतें. कारण त्या कंदांत प्रथिन नांवालाच असतें. परंतु आफ्रिकेंतील कांहीं प्रदेशांचें हें निदान पाहतां पाहतां सगळ्या गरीब जगाला लागू झालें. ज्वारी-बाजरी खाणारा दख्खनचा शेतकरी आणि कसावा खाणारा कांगोचा शेतकरी एकाच रकान्यांत बसले. १९५५ मध्यें प्रथिनांविषयीं सल्ला देणारें एक खास मंडळ नेमलें गेलें, आणि 'जगांत प्रथिनांची खिंड पडली आहे, ती बुजविली पाहिजे' हें वाक्य परिषदेमागून परिषदेंत घुमूं लागलें.

मग खिंड बुजविणारांची गर्दी झाली. ग्वातेमालामध्यें स्क्रिमशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं मका व सरकीचें पीठ मिसळून 'इन्कापारिना' नांवाचें खाद्य तयार केलें. म्हैसूरच्या अन्नतंत्र संशोधन संस्थेनें शेंगदाण्याच्या पेंडीचें पीठ तीन भाग आणि हरभऱ्याचें पीठ एक भाग घेऊन, त्यांत जीवनसत्त्वें व क्षार घालून 'बहुगुणी अन्न' काढलें; हा प्रयोग आम्हांस मनापासून आवडतो, कारण त्यांतला प्रत्येक जिन्नस आपल्या शेतांतला होता. सरकारी बेकऱ्यांतून निघणाऱ्या पांवांत लायसिन नांवाचें अमिनो आम्ल घालण्यांत येऊं लागलें. इंग्लंडांत पिरी या शास्त्रज्ञानें हिरव्या पाल्याचा रस काढून तो तापवावा व त्यांत सांकळणारें प्रथिन माणसानें थेट खावें, मध्यें गाय कशाला, असा विचार आयुष्यभर चालविला. त्याच्या धर्तीवर औरंगाबादच्या (आतांचें छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठांतहि लसूणघास वगैरेंच्या पाल्यावर पुष्कळ काम झालें. तें हिरवेंगार पीठ चवीला कसें लागत असेल याची कल्पना करवत नाहीं. परंतु विचारांत खोट नव्हती.

या सर्वांवर ताण केली ती खनिज तेलानें. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मार्सेयजवळ लाव्हेरा येथें ब्रिटिश पेट्रोलियम कंपनीचा तेल शुद्ध करण्याचा कारखाना होता. तेथें शांपान्या नांवाचा संशोधक तेलांतील मेण काढून टाकण्याचा सोपा मार्ग शोधीत होता. हें मेण थंडींत गोठतें व इंजिनाला त्रास देतें. यीस्टच्या कांहीं जातींना तें मेण खाऊं घालावें, म्हणजे तेल स्वच्छ होईल, ही त्याची मूळ कल्पना. यीस्टनें मेण खाल्लें, तेल स्वच्छ झालें, आणि भांड्याच्या तळाशीं जें यीस्ट उरलें त्याचा जवळजवळ निम्मा भाग प्रथिन होता! झाडझूड करावयास गेलेल्या माणसाला पुरलेली हंडी सांपडावी तसें झालें. १९६३ मध्यें ही वार्ता जाहीर झाली. गाईला वासरूं होऊन तें वाढावयास वर्षें लागतात; यीस्ट कांहीं तासांत दुप्पट होतें. त्याला पाऊस नको, जमीन नको, शेतकरीहि नको. तेलाचा समुद्र जगाच्या पोटांत आहे, मग प्रथिनाची चिंता ती कसली? 'टोप्रिना' नांवानें तें विकावयास सुरुवात झाली. लाव्हेरा येथें आणि स्कॉटलंडांत ग्रेंजमथ येथें कारखाने चालूं झाले. इटलींत सार्डिनिया बेटावर वर्षाला एक लाख टन काढणारा कारखाना उभारावयाचें ठरलें. शांपान्याला १९७६ मध्यें युनेस्कोचा विज्ञान पुरस्कार मिळाला.

एक गोष्ट मात्र या गडबडींत फारशी कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. टोप्रिना हें माणसाचें अन्न नव्हतेंच. तें युरोपांतील डुकरांचें, कोंबड्यांचें आणि वासरांचें खाद्य होतें. आफ्रिकेंतील सुजलेल्या पायांच्या मुलाचें चित्र दाखवून जो कारखाना उभारावयाचा, त्याचा माल खाणार युरोपांतील डुक्कर, आणि तें डुक्कर खाणार युरोपांतील माणूस.

अशा वातावरणांत १९६८ चा तो राष्ट्रसंघाचा अहवाल निघाला. येऊं घातलेलें प्रथिनसंकट टाळण्यासाठीं जगानें काय करावें, हा त्याचा विषय होता. त्यावर पहिला जोराचा आघात ज्यांनीं केला त्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे होत.

सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्यें सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं झाला. पुण्याच्या फर्गसन कॉलेजांत शिक्षण घेऊन ते लंडनला गेले, संख्याशास्त्रांत त्यांनीं तेथें नांव मिळविलें, आणि परत आल्यावर दिल्लीस शेतकीच्या आंकड्यांना शिस्त लावली. शेतांतील पीक किती येणार हें पाटील-कुळकर्ण्यांच्या नजरअंदाजावर ठरत असे त्या काळांत, निवडक शेतांतील निवडक तुकडे कापून, मोजून, त्यावरून सगळ्या प्रांताचें पीक काढण्याची पद्धत रूढ करण्यांत त्यांचा मोठा हात होता. १९५१ मध्यें ते रोमला अन्न व शेती संघटनेंत संख्याशास्त्राचे प्रमुख म्हणून गेले व जवळजवळ वीस वर्षें तेथें राहिले. त्या संघटनेचे पहिले प्रमुख बॉइड ऑर यांनीं जगांतील दोनतृतीयांश माणसें जन्मभर कुपोषित राहतात असें सांगून सगळ्यांस हादरविलें होतें. सुखात्म्यांनीं १९६१ मध्यें लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढें वाचलेल्या निबंधांत तो आंकडा तपासला : अर्धपोटीं माणसें शेंकडा दहा ते पंधरा, आणि भूक किंवा निकस आहार यांपैकीं कांहींना कांहीं सोसणारीं फार तर निम्मीं. भूक कमी लेखावी हा त्यांचा हेतु नव्हता. भूक कोणाची आणि कशाची, हें मोजल्यावांचून औषध देऊं नये, एवढाच त्यांचा आग्रह.

प्रथिनाच्या बाबतींत त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें. शरीराला सर्वांआधीं इंधन पाहिजे असतें. इंधन कमी पडलें कीं अन्नांतून आलेलें प्रथिन तें बांधकामाला न लावतां जाळून टाकतें. घरांत सरपण नाहीं म्हणून माणसानें घराचे वासे उपसून चुलींत घालावे, तसाच हा प्रकार. आणि अशा घराला आणखी वासे आणून दिले तर तेहि चुलींतच जावयाचे. तेव्हां पहिला प्रश्न सरपणाचा. भारतांतील आहाराच्या पाहण्यांतून त्यांनीं घराघरांचे आंकडे वेगळे करून पाहिले. ज्यांना पोटभर मिळतें त्यांच्यांत प्रथिनाची उणीव असलेलीं घरें फारच थोडीं निघालीं. ज्यांना प्रथिन कमी पडतें तीं जवळजवळ सगळीं घरें अर्धपोटींच होतीं. सरासरीच्या जोरावर मांडलेली प्रथिनाची खिंड घराच्या उंबरठ्याशीं येतांच दिसेनाशी झाली. तेथें दिसली ती साधी भूक.

हा हिशेब कोणत्याहि गृहिणीला घरीं करून पाहतां येण्यासारखा आहे. शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें दहा ग्रॅम प्रथिन असतें, तेवढ्याच तूरडाळींत सुमारें बावीस. दिवसाकांठीं अर्धा किलो ज्वारीच्या भाकरी आणि साठ ग्रॅम डाळीचें वरण ज्या माणसाच्या पोटांत गेलें त्याला साठाहून अधिक ग्रॅम प्रथिन मिळालें. शिवाय ज्वारी, गहूं, तांदूळ यांत लायसिन कमी असतें तें डाळींत भरपूर असतें, आणि डाळींत गंधकयुक्त अमिनो आम्लांची जी उणीव असते ती धान्य भरून काढतें. वरणभात, पिठलें-भाकरी, खिचडी हीं जोडकामें आपल्या आज्यांनीं कोणत्या प्रयोगशाळेंत केलीं होतीं कोण जाणे! पण त्याच माणसाला अर्धीच भाकरी आणि अर्धेंच वरण मिळालें, तर प्रथिन तिशीवर येतें आणि त्यांतलेंहि बरेंचसें चुलींत जातें. त्याला प्रथिनाची वडी देण्यापेक्षां उरलेली भाकरी देणें हाच उपाय.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेंत डॉ. गोपालन यांचें काम याच दिशेनें चाललें होतें. क्वाशिओरकॉर झालेलीं मुलें आणि नुसतींच वाळून गेलेलीं मुलें यांच्या आजारापूर्वींच्या आहारांत कांहीं ठळक फरक दिसत नाहीं, असें त्यांनीं १९६८ मध्यें दाखविलें. पुढें १९७३ मध्यें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला : खेड्यांतील मुलांना रोज गव्हाचें पीठ, साखर आणि तेल यांचा खाऊ चौदा महिने दिला, त्यांतून सुमारें तीनशें उष्मांक मिळत, प्रथिन मात्र तीनच ग्रॅम. तरी तीं मुलें न खाणाऱ्या मुलांपेक्षां चांगलीं वाढलीं. घरचें जेवण तेंच, त्यांतलें प्रथिन तेंच. फक्त तें आतां जळत नव्हतें.

इमला कोसळावयास मग फार वेळ लागला नाहीं. १९७३ मध्यें दोन्ही जागतिक संघटनांच्या तज्ज्ञांनीं प्रौढ पुरुषास दर किलो वजनामागें उत्तम प्रतीचें ०.५७ ग्रॅम प्रथिन सुरक्षित धरलें. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला सदतीस ग्रॅम. कोठें फॉइटचे ११८ आणि कोठें हे ३७! १९७४ मध्यें बेरूतचे पोषणतज्ज्ञ मॅक्लॅरेन यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत लेख लिहून या सगळ्या प्रकरणाचें उघडउघड 'महान् प्रथिन-फजिती' असें बारसें केलें. १९७७ मध्यें प्रथिन-सल्लागार मंडळ गुंडाळलें गेलें.

कारखान्यांची गत आणखी निराळी झाली. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव थोड्याच महिन्यांत चौपट झाले, आणि ज्या मेणावर यीस्ट फुकटांत पोसावयाचें तेंच महाग होऊन बसलें. जपानांत ग्राहकांनीं, विशेषतः बायकांनीं, 'पेट्रोलचें अन्न आम्हांस नको' म्हणून हाकाटी केली आणि तेथील कंपन्यांनीं माघार घेतली. सार्डिनियांतील कारखाना बांधून तयार झाला. परंतु त्या खाद्यावर पोसलेल्या जनावरांच्या चरबींत तेलाचे अंश उतरतात कीं काय या शंकेवरून आरोग्यखात्यानें त्याला पुरती परवानगी दिली नाहीं, आणि तो पूर्ण ताकदीनें कधींच चालला नाहीं. इंग्लंडांत आय.सी.आय. कंपनीनें बिलिंगहॅम येथें पंधरा लाख लिटरची एक अजस्र टाकी उभारून मेथॅनॉलवर जंतु वाढविले व त्यांचें 'प्रुटीन' केलें. सोयाबीनची पेंड त्याहून स्वस्त पडते असें दिसतांच तीहि टाकी थंड पडली. सोव्हिएत रशियांत असे कारखाने अधिक काळ चालले. तेथें बाजारभावाचा प्रश्न नव्हता, पण किरिशी गांवच्या रहिवाशांनीं १९८७ मध्यें त्या कारखान्याच्या धुराळ्याविरुद्ध रस्त्यावर येऊन आवाज उठविला, आणि त्या राज्यांत ही गोष्ट लहान नव्हती.

एकच पदार्थ या पडझडींतून तगला. लॉर्ड रँक या पिठाच्या गिरण्यांच्या मालकानें जगाच्या प्रथिन-दुष्काळावर उपाय म्हणून पिठापासून प्रथिन करणारी बुरशी शोधावयास आपल्या माणसांस सांगितलें होतें. हजारों ठिकाणची माती तपासल्यावर ती बुरशी सांपडली ती घराजवळच, इंग्लंडांतील मार्लो गांवच्या मातींत. तपासण्यांत वर्षें गेलीं. १९८५ मध्यें 'क्वॉर्न' नांवानें ती बाजारांत आली तोंपर्यंत प्रथिन-दुष्काळ ही कल्पनाच बुडाली होती. मग ती भुकेल्यांसाठीं न राहतां, वजन कमी करूं पाहणाऱ्या आणि मांस सोडूं पाहणाऱ्या सुखवस्तूंसाठीं झाली. त्यांत आम्हांस कांहीं वावगें दिसत नाहीं. मात्र दुकान कोणाच्या नांवानें मांडलें होतें आणि गिऱ्हाईक कोण मिळालें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

हे वाद रोम आणि लंडन येथें चालले असतां इकडे महाराष्ट्रांत १९७२ चा दुष्काळ पडला. ज्यांनीं तो पाहिला त्यांना अमेरिकेहून आलेली तांबडी 'मिलो' ज्वारी आणि मुलांना वांटलेली सुकडी अजून आठवते. मिलोच्या भाकरीविषयीं कोणी चांगला शब्द काढल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. पण त्या दुष्काळांत माणसें तरलीं तीं मुख्यतः खडी फोडून, तळीं-बंधारे खणून मिळालेल्या मजुरीवर. १९७३ च्या उन्हाळ्यांत कामावरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरांत गेली होती. हातांत पैसा आला कीं माणूस आधीं धान्य घेतो. प्रथिनाची वडी कोणी मागितली नाहीं.

येथें सुखात्म्यांचा जयजयकार करून थांबणें सोपें होतें. पण तें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. निवृत्तीनंतर ते पुण्यास आले आणि आपला विचार त्यांनीं आणखी पुढें नेला. निरोगी माणसाचें शरीर कमीजास्त अन्नाशीं जुळवून घेतें, एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरी गरजेखालीं खाणारा प्रत्येक जण भुकेला धरूं नये, असें ते म्हणूं लागले. या हिशेबानें भारतांतील भुकेल्यांचा आंकडा बराच खालीं येत होता. त्याच पुण्यांत, गोखले अर्थशास्त्र संस्थेंत, 'भारतांतील दारिद्र्य' या १९७१ च्या प्रबंधाचे एक लेखक वि. म. दांडेकर बसले होते. त्यांना हें मुळींच पटलें नाहीं, आणि दोघां मराठी विद्वानांत १९८० नंतर जो वाद जुंपला तो इंग्रजी नियतकालिकांतून सगळ्या देशानें वाचला. गोपालन यांनींहि या बाबतींत सुखात्म्यांची साथ सोडली. कमी खाऊन खुरटलेलें शरीर 'जुळवून घेतलेलें' म्हणणें म्हणजे दारिद्र्याला प्रकृति म्हणणें होय, असा त्यांच्या टीकेचा रोंख होता. आमचा कौल या दुसऱ्या वादांत दांडेकर-गोपालन यांच्या बाजूस पडतो. शिवाय तो ०.५७ चा आंकडाहि पुढें टिकला नाहीं. २००७ च्या अहवालांत तो ०.८३ झाला. म्हणजे फॉइटची चूक एका टोकाची होती तशी १९७३ ची कांहींशी दुसऱ्या टोकाची होती, आणि लहान मुलें, गरोदर बाया यांच्या ताटांतील दर्जा हा प्रश्न भाकरीच्या संख्येनें सर्वस्वीं सुटणारा नव्हता.

त्याहून मोठी गोष्ट ही कीं, सुखात्म्यांचा मूळ हिशेब भाकरी आणि वरण या जोडीवर उभा होता, आणि जग प्रथिनाच्या टाक्या बांधीत असतां आपल्या ताटांतील वरण गुपचूप पातळ होत होतें. सरकारी आंकड्यांप्रमाणें १९६१ मध्यें माणशीं रोज ६९ ग्रॅम कडधान्य उपलब्ध होतें. २००१ मध्यें तें ३० ग्रॅमवर आलें. गहूं आणि भात यांना कालव्याचें पाणी मिळालें, नवें बियाणें मिळालें, खात्रीचा सरकारी भाव मिळाला. हरभरा, तूर, मूग हीं पिकें सरकत सरकत कोरडवाहू माळावर गेलीं. देश धान्यानें स्वयंपूर्ण झाला याचा आम्हांस अभिमानच आहे. पण त्या चाळीस वर्षांत डाळीसाठीं तितकी धांवपळ कोणी केली नाहीं. पुढें हा आंकडा कांहींसा सुधारला, त्यांत परदेशांतून आणलेल्या डाळींचा वांटा मोठा आहे.

सोयाबीनची गोष्ट सांगावयाची राहिली होती. १९६० नंतर जबलपूरच्या कृषि विद्यापीठानें अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या साह्यानें त्याचीं नवीं बियाणीं आणलीं. पुण्याच्या आघारकर संस्थेनेंहि महाराष्ट्राला मानवणारे वाण काढले. आज विदर्भ-मराठवाड्यांत कोसच्या कोस सोयाबीन उभें असतें आणि लातूरचा बाजार त्याच्या भावावर हलतो. परंतु काळ्यांच्या तीनशें पाककृति त्याबरोबर आल्या नाहींत. त्याचें तेल आपल्या कढईंत येतें, आणि ज्यासाठीं मगनवाडींत तें शिजविलें गेलें तें प्रथिन पेंडीच्या रूपानें कोंबड्यांकडे नाहीं तर बोटींत जातें. शाकाहारी घरांत सोयावडीची रस्साभाजी अधूनमधून होते, एवढीच काय ती त्या प्रयोगाची खूण.

आतांच्या नव्या खाद्यांविषयीं आमचें मन कलुषित नाहीं. २०१३ मध्यें लंडनला मार्क पोस्ट यांनीं पेशींपासून वाढविलेल्या मांसाची जी पहिली वडी लोकांपुढें तळून दाखविली तिला अडीच लाख युरो खर्च आला होता. २०२० मध्यें सिंगापूरनें अशा कोंबडीच्या मांसाच्या विक्रीला परवानगी दिली. जनावरांमागें जें रान, जें पाणी आणि जो चारा खर्ची पडतो तो वांचविण्याची खटपट करणारांस आम्ही नांवें ठेवणार नाहीं. श्रीमंत देशांतील माणसानें मांस कमी खावें यासाठीं त्याला चवदार पर्याय देणें हें कामच आहे. फक्त त्यांनीं तें काम भुकेल्या मुलाच्या नांवानें करूं नये. त्या मुलाचा हिशेब निराळा आहे आणि तो पन्नास वर्षांपूर्वींच मांडला गेला आहे.

परवां आमच्या ओळखीच्या वाण्याकडे एक बाई तूरडाळीचा भाव विचारून क्षणभर थबकल्या, आणि अर्ध्याऐवजीं पाव किलोच बांधून घेऊन गेल्या. मागल्या फळीवर प्रथिनाच्या भुकटीचे डबे ओळीनें मांडलेले होते. डाळ कोठली म्हणून आम्हीं सहज विचारलें, तर आफ्रिकेंतल्या तुरीची, असें वाणी म्हणाला.